बटई की मक्ता? सुमेरपासून चौदाव्या लुईपर्यंतचा इतिहास वर्गात शिकवताना

वावर दुसऱ्याला कसायला द्यायचं तर विदर्भात दोन रीती चालतात. बटईनं दिलं तर जे पिकेल त्यात वाटा, आणि पीक गेलं तर दोघांचंही गेलं. मक्त्यानं दिलं तर रक्कम आधीच ठरलेली, मग पाऊस येवो न येवो. आठवी-नववीतल्या पोराला हा फरक शिकवावा लागत नाही. पेरणीच्या आधी ओसरीवर चाललेली घासाघीस त्यानं ऐकलेली असते.

जगाचा इतिहास शिकवायला एवढं भांडवल पुरतं. पहिल्या शहरांपासून युरोपातल्या अनियंत्रित राजसत्तेपर्यंत पाच हजार वर्षं, आणि हातात पंधराएक तासिका. राजांची नावं आणि लढायांची सालं सांगत गेलं तर तिसऱ्या तासालाच वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो. त्याऐवजी चार प्रश्न धरावेत. पिकवलं कोणी? त्यातलं नेलं कोणी, किती, आणि बटईनं की मक्त्यानं? हिशोब कोणी लिहिला? पीक बुडालं त्या वर्षी काय झालं? हे प्रश्न पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि शेवटच्या दिवसापर्यंत पुसायचे नाहीत. सुमेर (मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग) असो, रोम असो की फ्रान्स, प्रत्येक ठिकाणी हेच चार विचारायचे.

तासिकांची वाटणी अशी जमते: कालरेषेला १, नद्यांकाठच्या संस्कृतींना ४, ग्रीस-रोमला २, सरंजामशाहीला ३, प्लेगपासून तोफांपर्यंत २ आणि अनियंत्रित राजसत्तेला ३. ग्रीस-रोमला दोनच का, असं कोणी विचारेल. पुस्तकं त्यावर रेंगाळतात ती तो भाग सगळ्यांना येतो म्हणून, त्याला जास्त तासिका लागतात म्हणून नाही.

आधी सुतळी

दुकानातून ५१ मीटर सुतळी आणायची. एक मीटर म्हणजे शंभर वर्षं, एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. सुरुवातीचं टोक इसवी सनापूर्वी ३३००, म्हणजे मेसोपोटेमियातल्या उरुक शहरात मातीच्या पाट्यांवर हिशोब लिहायला लागले तो सुमार. नवी सुतळी ताणली की लांबते, म्हणून आधी दोघांनी दोन्हीकडून ओढून घ्यायची आणि मगच मोजायची. सालाच्या जागी गाठ मारायची नाही. एक गाठ दोन-तीन सेंटिमीटर खाते. चाळीस गाठी मारल्या की अख्खं एक शतक गायब होतं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या आणि चिंधीवर स्केचपेननं साल लिहायचं.

जागा काढायचा हिशोब सोपा आहे. इसवी सनापूर्वीचं साल असेल तर ते ३३०० मधून वजा करायचं. इसवी सनाचं असेल तर त्यात ३२९९ मिळवायचे. आलेल्या आकड्याला शंभरानं भागलं की मीटर मिळतात. ३२९९ का, ३३०० का नाही, हे एखादी हुशार पोरगी विचारतेच. इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येतं, मध्ये शून्य साल नाही, हे सांगायची हीच वेळ.

आता चिंध्या. हडप्पा संस्कृतीचा भरभराटीचा काळ ७ ते १४ मीटर. गिझाचा मोठा पिरॅमिड ७.४ वर. हम्मुराबी साडेपंधराच्या आसपास. अथेन्सचा सोलोन २७.०६. इसवी सन १ बरोबर ३३ वर. पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला ते ४७६ साल ३७.७५ वर. इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, मॅग्ना कार्टा, ४५.१४, कॉन्स्टँटिनोपल पडलं ते ४७.५२, आणि चौदावा लुई मेला ते ५०.१४.

मैदान लहान असेल तर सुतळी कुंपणाच्या कडेनं वळवावी. पोरं टोकापासून टोकापर्यंत चालत गेली की दोन गोष्टी पायांनाच समजतात. पन्नासातले तेहतीस मीटर इसवी सनापूर्वीचे आहेत. आणि हडप्पाची शहरं सात मीटर टिकली, तर ७२ वर्षं राज्य करणारा लुई ७२ सेंटिमीटर, म्हणजे बाकाच्या लांबीएवढाही नाही.

शतकाची चूकही इथेच सुटते. ‘सतरावं शतक’ म्हटलं की निम्मा वर्ग १७०० च्या पुढची सालं लिहितो. सुतळीवर पहिलं शतक ३३ ते ३४ च्या मधला मीटर आहे, सतरावं ४९ ते ५० च्या मधला. १६०१ ची चिंधी ४९ वर बांधायला लावली की परत सांगावं लागत नाही.

चिंध्या फक्त परदेशी बांधू नयेत. ३७ ते ३८ च्या मीटरवर वाकाटक बसतात. त्यांचं नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. रोम कोसळत होतं तेव्हा इथे ताम्रपट कोरले जात होते. शेवटच्या दीड-दोन मीटरांवर तर गर्दीच होते: १६७४ चा शिवरायांचा राज्याभिषेक, औरंगजेब, लुई, आणि १७०२ च्या सुमारास नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद.

माती, बोरू आणि पाटी

सुमेरला लागण्याआधी एक शब्द मोकळा करून घ्यावा लागतो. मराठीत पोशाख-सण-भाषेलाही संस्कृती म्हणतात आणि हडप्पालाही संस्कृतीच म्हणतात. त्यामुळे ‘संस्कृतीचा उदय’ म्हटलं की पोरांना वाटतं, त्याआधीच्या माणसांना गाणं-नाचणं, देवधर्म काही नव्हतं. इथे संस्कृती म्हणजे नागरी संस्कृती: शहर, साठवलेलं धान्य, लिखाण, आणि शेतात न राबता जगणारी माणसं. शेवटचा मुद्दा वर्गात दोनदा सांगावा. पुजारी, कारकून, शिपाई, कुंभार हे सगळे दुसऱ्याच्या धान्यावर जगतात. ते धान्य त्यांच्यापर्यंत पोचतं कसं, हाच पाठ आहे.

मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागात पाऊस नाममात्र. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचं पाणी पाटानं आणल्याशिवाय दाणा उगवत नाही. पाट काढणं एकवेळ सोपं, राखणं अवघड. पाण्याबरोबर गाळ येतो, पाट बुजतो, दरवर्षी उपसावा लागतो. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या पोरांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, माहीत असतो. मालगुजारी गेल्यावर त्याचा गाळ कोणी काढायचा यावरून गावात होणारे वादही त्यांनी ऐकलेले असतात. तोच प्रश्न सुमेरला घालायचा: शंभर घरांच्या सामाईक पाटाचा गाळ काढायला माणसं कोण बोलावणार, आणि न येणाऱ्याचं काय करणार? उत्तर शोधता शोधता देऊळ, पुरोहित आणि राजा हे तिघे आपोआप वर्गात येतात.

खाऱ्या जमिनीची गोष्टही सांगावी. पाणी देत राहिलं आणि निचरा झाला नाही की जमिनीतले क्षार वर येतात. गव्हाला ते सोसत नाही, जवाला बऱ्यापैकी सोसतं. म्हणून दक्षिण मेसोपोटेमियात जवावर भिस्त राहिली. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या पोरांना खारपाणपट्टा म्हटलं की पुरतं. मात्र तिथली खारवट माती आणि पाणी निसर्गतःच तसं आहे, सुमेरची जमीन बऱ्याच अंशी पाटाच्या पाण्यानं बिघडली, हा फरक लगेच सांगून टाकावा. गावाचं उदाहरण घेतलं की ते कुठे तुटतं हेही त्याच दमात सांगायचं, नाहीतर वर्षअखेर उत्तरपत्रिकेत ‘सुमेरचा पुरोहित म्हणजे तलाठी’ असं वाचायला मिळतं.

लिखाणाचा पाठ हातानं करायचा. वावरातली काळी माती घेऊ नये. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि पाटीला उभ्या भेगा जातात. कुंभाराकडची मळलेली माती आणावी. पोळ्याचे बैल करताना उरलेली असेल तर उत्तमच. तळहाताएवढी, दीड सेंटिमीटर जाड पाटी थापायची. बोरूला तुराटी किंवा बांबूची कामटी चालते, टोक तिरकं न छाटता चौकोनी ठेवायचं. आधी पोरांना टोक ओढून बैलाचं चित्र काढू द्यावं. माती रेघेच्या दोन्ही बाजूंना वर येते, कडा फाटतात, चित्र गिचमिड होतं. मग सांगायचं, ओढू नका, दाबा. कोपरा दाबून उचलला की पाचरीसारखा स्वच्छ ठसा उमटतो. सुमेरची लिपी चित्रांवरून पाचरींवर का आली याचं एक कारण पोरांच्या बोटांनाच कळतं. पाट्या सावलीत दोन दिवस वाळवाव्यात, उन्हात ठेवल्या तर तडकतात. भाजायची गरज नाही. तिथल्याही बहुतेक पाट्या नुसत्या वाळवलेल्या होत्या.

पाटीवर काय लिहायचं? कविता नाही. उरुकच्या सुरुवातीच्या पाट्यांत बहुतांश जव, मेंढ्या, बिअर, मजुरांचा शिधा यांचे हिशोब आहेत. पोरांनीही तेच लिहावं: इतकी पोती आली, इतकी गेली. लिपी कोणा कवीनं नाही, कोठाराच्या कारकुनानं घडवली, ही गोष्ट पोरांना हमखास आवडते.

मग हम्मुराबी. इसवी सनापूर्वी १७९२ ते १७५० हा बॅबिलोनचा राजा. त्याचे कायदे कोरलेला सव्वादोन मीटर उंच काळा दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पुस्तकं ‘डोळ्याला डोळा’ एवढंच सांगून पुढे जातात, आणि तेही अर्धवट. मोठ्या माणसाचा डोळा फोडला तर डोळा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मिना (तिथलं वजनाचं माप) चांदी दंड. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम. हे तीन दर फळ्यावर मांडले की समाजाच्या उतरंडीवर वेगळं व्याख्यान लागत नाही.

पण कास्तकाराच्या पोरासाठी खरे कायदे दुसरेच आहेत. त्रेपन्नाव्या कायद्यात, ज्यानं आपला बांध धड ठेवला नाही आणि पाणी फुटून दुसऱ्यांची पिकं बुडाली, त्यानं नुकसानीचं धान्य भरून द्यायचं आहे. धुऱ्यावरची भांडणं जवळून पाहिलेल्या वर्गात इथे चर्चा थांबवावी लागते. धान्याच्या कर्जावर व्याजाची मर्यादा तेहेतीस टक्क्यांच्या वर थोडी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सवाई आणि दिढीच्या मधली. आणि अठ्ठेचाळिसावा कायदा तर फळ्यावर पूर्ण लिहावा: कर्जदाराचं पीक वादळानं किंवा पुरानं गेलं, किंवा पाण्याअभावी उगवलंच नाही, तर त्या वर्षी त्यानं धान्य परत करायचं नाही, कराराची पाटी ओली करायची, आणि त्या वर्षाचं व्याजही द्यायचं नाही. पाटी ओली करायची, म्हणजे मातीवरचा मजकूर मऊ करून बदलायचा. पोरांनी केलेल्या पाटीवर पाण्याचा हात फिरवून दाखवावा. कायदा डोळ्यांसमोर घडतो.

इथे एक पथ्य पाळायचं. कर्जाचा विषय निघाला की ‘तुमच्या घरी किती आहे?’ असं वर्गात कोणालाही विचारायचं नाही. विदर्भातल्या कोणत्याही वर्गात हा प्रश्न कोणाच्या घरात कुठे लागेल, सांगता येत नाही. बोलायचं ते हम्मुराबीच्या कर्जदाराबद्दल. पोरं स्वतःहून आपल्याकडचं जोडतात, आणि जोडली नाहीत तरी पाठ अडत नाही.

इजिप्त, सिंधू, चीन यांना मिळून दोन तासिका. इजिप्तमध्ये नाईलच्या पुराची उंची मोजून पिकाचा अंदाज बांधत आणि त्यावर कर धरत. म्हणजे बटईकडे झुकणारा हिशोब. पिरॅमिडच्या दगडांची संख्या घोकून घेण्यापेक्षा इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमाराचा संप सांगावा: राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचा धान्याचा पगार थकला आणि ते काम टाकून देवळामागे जाऊन बसले. सिंधू संस्कृतीची लिपी वाचता आलेली नाही, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही, आणि ‘उत्तर माहीत नाही’ हेही उत्तर असू शकतं हे वर्गाला समजलं पाहिजे. पण वजनं सापडली आहेत. दगडाचे घन, १, २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या क्रमात. त्यातलं सोळा पटीचं वजन सुमारे १३.७ ग्रॅम. किराणा दुकानातला डिजिटल काटा आणून तेवढी तूर मोजावी. वाणाप्रमाणे सव्वाशे ते दीडशे दाणे भरतात. कापसाच्या मुलखात हेही सांगायलाच हवं: मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. तो कापूस देशी जातीचा. आज वावरात उभी असलेली बीटी पऱ्हाटी बहुतांश अमेरिकी जातीची आहे. चीनबद्दल एकच गोष्ट नीट सांगावी: इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन राजानं देश एक केला आणि वजनं-मापं, नाणी, लिपी, गाड्यांच्या आसाची लांबी हे सगळं एकसारखं केलं. कर गोळा करायचा तर पायली सगळीकडे सारखी लागते.

ग्रीस-रोम, भरभर

अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ५९४ ला सोलोननं कर्जं रद्द केली आणि माणूस गहाण ठेवून कर्ज घ्यायला बंदी घातली. लोकशाही त्यानंतर ८०-९० वर्षांनी आली. कर्जात बुडून गुलाम झालेला माणूस सभेत हात वर करू शकत नाही, हा धागा सांगितला की दोन्ही सालं लक्षात राहतात. अथेन्सच्या सभेची ग्रामसभेशी तुलना जरूर करावी, पण तिथे बायका, गुलाम आणि बाहेरगावचे रहिवासी यांना जागा नव्हती हे आधी सांगून.

रोममध्ये सम्राटांच्या यादीऐवजी इसवी सनापूर्वी १३३ वर थांबावं. टायबेरियस ग्रॅकस यानं सार्वजनिक जमिनीवर कोणी ५०० युगेरापेक्षा, म्हणजे आपल्या हिशोबानं तीनशे एकरांहून थोडं जास्त, एवढ्यापेक्षा अधिक धरू नये आणि उरलेली भूमिहीनांना वाटावी, असा कायदा आणला. त्याच वर्षी त्याला सिनेटरांच्या जमावानं मारलं. महाराष्ट्राच्या सीलिंग कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे, आणि वर्धेजवळच्या पवनारहून विनोबा जमीन मागत पायी फिरले. हे तिन्ही शेजारी लिहिले की एक तासिका भरते. पुढची सहाशे वर्षं पंधरा मिनिटांत आटपतात.

शंभर दाणे

सरंजामशाही हा शब्दच आधी अडचण करतो. मराठ्यांचा सरंजाम म्हणजे फौज पोसण्यासाठी लावून दिलेला महसूल. तत्त्वतः छत्रपतींना तो काढून घेता येत असे. युरोपातल्या सरदाराची जहागीर लवकरच वंशपरंपरेची झाली, आणि तिथे राहणारा भूदास जमिनीला बांधला गेला. त्याला विकता येत नसे, म्हणून तो गुलाम नव्हे. सोडून जाता येत नसे, म्हणून तो आपल्याकडचा सालदारही नव्हे. सालदाराचं साल पाडव्याला किंवा अखाजीला संपतं, भूदासाचं संपत नाही. गुलाम, भूदास, सालदार हे तीन रकाने आखून ‘विकता येतो का, सोडून जाता येतं का, मुलांना तेच चालवावं लागतं का’ हे तीन प्रश्न भरायला द्यावेत.

घरचा पुरावाही आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावाचा वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पाचव्या शतकातला. त्यात चर्मांक गाव, राजमापानं ८,००० भूमी, एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. गाव करमुक्त, राजाच्या सैनिकांनी आत यायचं नाही, वेठ घ्यायची नाही. पण पुढे अटही आहे: दान टिकेल ते राज्याशी द्रोह न करण्याच्या बोलीवर. जमीन देऊन निष्ठा बांधून घेण्याची ही रीत युरोपातल्या सरदारीशी ताडून बघता येते. मात्र इथे बदल्यात लढायला जायचं नव्हतं, हा फरक मोठा आहे.

इंग्लंडचं १०८६ चं डूम्सडे बुक सातबाऱ्याच्या जोरावर पाच मिनिटांत समजतं. विल्यम राजाच्या माणसांनी गावोगाव विचारलं: जमीन पूर्वी कोणाकडे होती, आता कोणाकडे, नांगर किती, माणसं किती, चक्की आहे का, कुरण किती, किंमत तेव्हा किती होती, आज किती. कोऱ्या नमुन्याचा सातबारा फळ्यावर काढावा. कोणाच्या घरचा उतारा आणायला सांगू नये. भूमिहीनाचं पोर त्या दिवशी शाळेत येत नाही.

आता खेळ. चाळीस पोरांचा वर्ग असेल तर आठ गट, प्रत्येकी शंभर तुरीचे दाणे. सगळी मिळून ऐंशीएक ग्रॅम तूर लागते. शेतकरी, चर्चचा वसुलीवाला, जमीनदाराचा कारभारी, राजाचा माणूस आणि हिशोबनीस या भूमिका चिठ्ठ्या टाकूनच ठरवायच्या.

चांगलं साल: शंभर दाणे पिकले. मध्ययुगीन युरोपात एक दाणा पेरला तर तीन-चार मिळत, म्हणून २५ दाणे बियाण्याला बाजूला. इथे पोरं हटकून अडवतात, कारण एकरी तीस किलो सोयाबीन पेरून सहा-सात क्विंटल घरी येताना त्यांनी पाहिलेलं असतं. वीस पट आणि चार पट यांतला फरक फळ्यावर मांडावा. त्या काळातल्या गरिबीचं निम्मं कारण तिथेच आहे. पुढे चर्चचा दशमांश १०, जमीनदाराला १५, राजाला १०. उरले ४०. जमीनदाराचे आणि राजाचे आकडे खेळापुरते धरलेले आहेत, हे वर्गाला सांगायचं. दशमांश मात्र खरोखर दहावा हिस्सा.

वाईट साल: साठच दाणे पिकले. बियाणं २५. दशमांश बटईचा, म्हणून ६. जमीनदाराचा आणि राजाचा मक्ता, म्हणून १५ आणि १० तसेच. उरले चार. वर्ग गप्प होतो.

मग विचारायचं, सगळंच बटईनं असतं तर? दशमांश ६, जमीनदाराचे ९, राजाचे ६, उरतात १४. म्हणजे बटईतही पोट भरत नाही, पण चार आणि चौदा यांत जीव वाचण्याएवढं अंतर आहे. आता चार पुरत नाहीत म्हणून ‘चारवाल्या’ घरानं बियाण्यातले दहा खाल्ले असं धरा. पुढच्या वर्षी पेरायला पंधराच. पाऊस कितीही चांगला झाला तरी चौपटीनं साठच पिकणार. एका दुष्काळाचं कर्ज दोन-तीन सालं का फिटत नाही, याला यापेक्षा चांगली मांडणी नाही.

खेळात एकच गोष्ट नेहमी बिघडते: शिक्षक तिसऱ्या फेरीच्या आधी निष्कर्ष सांगून टाकतात. दाणे मोजून होईपर्यंत बोलू नये.

मजूर महागला, तोफ आली

१३४७ ते १३५१ च्या प्लेगात युरोपातली तिसरा हिस्सा तरी माणसं गेली, कित्येक ठिकाणी निम्मी. पाठ्यपुस्तकात ही ओळ रोगराईच्या सदरात येते. तिची खरी जागा मजुरीत आहे. कापूस फुटला आणि वेचणीला माणूस मिळेना, की किलोमागचा भाव कोण ठरवतं? वेचणारी बाई ठरवते. तेच झालं. मजुरी चढली, भूदास जास्त देणाऱ्याकडे पळाले, आणि इंग्लंडच्या संसदेनं १३५१ मध्ये कायदा करून प्लेगच्या आधीचाच दर बांधून दिला. तो नीट टिकला नाही. वर डोकेपट्टी बसवली तेव्हा १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं. डोकेपट्टी म्हणजे मक्त्याचं सगळ्यात कडू रूप: पीक नाही, जमीन नाही, नुसतं डोकं मोजायचं.

दुसरा धक्का तोफेचा. सरदाराचा दरारा त्याच्या गढीच्या भिंतीवर उभा होता. १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांच्या तोफांनी कॉन्स्टँटिनोपलची तटबंदी फोडली. सहल चिखलदऱ्याला जात असेल तर गाविलगडावर हे दाखवता येतं. १८०३ मध्ये इंग्रजांनी तोफांनीच तटाला खिंडार पाडून तो घेतला. तोफा, दारू, गोलंदाज यांचा खर्च एकट्या सरदाराला झेपत नाही, राजाला झेपतो. पण राजाकडे तरी तेवढा पैसा येणार कुठून? इथून थेट शेवटच्या पाठात शिरायचं.

अनियंत्रित म्हणजे किती अनियंत्रित?

फ्रान्सचा चौदावा लुई १६४३ मध्ये पाच वर्षांचाही झालेला नसताना गादीवर आला, १६६१ पासून कारभार स्वतः पाहू लागला, १७१५ ला गेला. ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य त्याच्या तोंडी घालतात. तो तसं म्हणाल्याचा पुरावा नाही, तेव्हा परीक्षेत त्याचं वाक्य म्हणून विचारू नये.

त्याची सत्ता चार खांबांवर उभी होती. कायमची फौज, जी ऐन युद्धाच्या काळात साडेतीन लाखांच्या घरात गेली. कायमचा कर. प्रांतोप्रांती राजानं नेमलेले आणि राजा काढू शकेल असे अधिकारी. पोरांना कलेक्टर म्हटलं की अंदाज येतो. आणि चौथा खांब म्हणजे माणसाळवलेले सरदार. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला हलला. तिथे राजा सकाळी उठताना सदरा पुढे करण्याचा मान कोणाला, रात्री मेणबत्ती धरण्याचा कोणाला, यावर मोठमोठे सरदार झुरत. जो सदरा धरायला धडपडतो तो बंड करत नाही. बदल्यात राजानं त्यांना मुख्य करातून मोकळं ठेवलं.

तो कर म्हणजे ‘ताय’. किती गोळा करायचा हे राजाच्या मंडळात आधी ठरे, मग प्रांत, तालुका, गाव असा खाली वाटला जाई. गावातल्याच माणसांना वसुलीला नेमत आणि तूट त्यांच्या अंगावर पडे. पूर्ण मक्ता. मिठावरचा कर आणखी जाचक: देशाच्या बऱ्याच भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येकाला ठरावीक मीठ सरकारी भावानं घ्यावंच लागे. १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला, तो इथे आठवावा.

पीक बुडालं त्या वर्षी काय झालं? १६९३-९४ मध्ये पीक गेलं, त्याच वेळी युद्ध चालू होतं, आणि फ्रान्समध्ये दहा लाखांच्या वर माणसं दगावली. शंभर दाण्यांचा खेळ इथे परत काढावा: साठ दाण्यांचं साल, राजाचा मक्ता दुप्पट, आणि सरदाराच्या गटाला हात लावायचा नाही. शेतकऱ्याच्या पुढ्यात उणे सहा येतात. उणे दाणे कसे मोजायचे, असं पोरं विचारतात. बियाण्यातून, असं सांगायचं.

‘अनियंत्रित’ शब्दानं मात्र फसू नये. राजाला सावकारांकडून कर्ज घ्यावं लागे, सरकारी पदं विकावी लागत, आणि विकलेल्या पदावरचा माणूस काढता येत नसे. धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता या तिन्ही वर्गांची सभा त्यानं बोलावलीच नाही, १६१४ नंतर ती भरलीच नव्हती. पण त्याचमुळे नवा कर सगळ्यांच्या संमतीनं बसवायचा रस्ताही त्याला बंद झाला. शेजारी इंग्लंडमध्ये संमतीवाचून कर घ्यायचा हट्ट पहिल्या चार्ल्सच्या अंगाशी आला आणि १६४९ मध्ये त्याचं डोकं उडवलं. दोन देश, एकच प्रश्न, दोन उत्तरं. परीक्षेला पाच गुणांचा प्रश्न यावरच घालावा.

शेवटची चिंधी ५०.०६ मीटरवर, साल १७०७. लुईचे किल्ले बांधणारा म्हातारा सेनापती व्होबाँ देशभर फिरला होता, गावं पाहिली होती. त्यानं पुस्तक छापलं: ताय बंद करा, सरदार असो की धर्मगुरू, प्रत्येकाकडून उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्यापर्यंत वाटा घ्या. मक्ता सोडून बटई करा, असंच ते म्हणणं. राजाच्या मंडळानं पुस्तकावर बंदी घातली आणि ३० मार्चला व्होबाँ वारला. त्याच महिन्याच्या ३ तारखेला इकडे अहमदनगरला औरंगजेब गेला होता. म्हणून त्याची चिंधीही त्याच सेंटिमीटरवर येते.

पुढे काय झालं, हे वर्ग विचारणारच. ताय चालूच राहिला. तिन्ही वर्गांची सभा पुन्हा भरली ती १७८९ मध्ये, आणि तिची जागा ५०.८८ वर येते. सुतळी ५१ मीटरची आणायची ती त्यासाठीच.